गणपतीनंतरही माणसं गावी जातात

मुंबईतला कोकणी माणूस गावी कधी जातो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: गणपतीला आणि शिमग्याला. सरकारी यंत्रणेच्या हिशेबातही हेच दोन मोसम आहेत. भाद्रपद जवळ आला की मंत्र्यांचे पाहणी दौरे सुरू होतात, मुंबई-गोवा महामार्गावरचे खड्डे घाईघाईने भरले जातात, अवजड वाहनांना बंदी येते, टोलमाफीचे पास वाटले जातात, एसटीच्या जादा गाड्या सुटतात, नाक्यानाक्यावर पोलिसांचे तंबू उभे राहतात. हे सगळं व्हायलाच हवं. पण तुळशीचं लग्न लागल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत गावाकडे जाणाऱ्यांची एक तिसरी लाट असते. तिच्यासाठी यातलं जवळपास काहीच होत नाही.

ही लाट एका रात्रीत उसळत नाही, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सावंतवाडी तालुक्यातल्या सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा भरते आणि तिथून दक्षिण कोकणातल्या जत्रा एकामागून एक लागतात. देवळापुढच्या मांडवात रात्रभर दशावतार रंगतो. मग दत्तजयंती येते, पाठोपाठ शाळांची नाताळची सुट्टी. पुढे मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची जत्रा. भराडीदेवीच्या या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते. ती एकदा जाहीर झाली की लालबाग-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंत रजेचे अर्ज टाकले जातात आणि गाड्यांची शोधाशोध सुरू होते.

याशिवाय एक कारण असं आहे, ज्याला ना सण लागतो ना जत्रा. गावात आई असते, किंवा वडील, किंवा दोघं. कुठे एकटी राहणारी आत्या असते. गणपतीत घर भरलेलं असतं, आल्यागेल्याचा राबता असतो, पाच किंवा सात दिवस आरत्या आणि पंगतींत निघून जातात. आईचा गुडघा किती दुखतो, वडिलांना रात्री खोकला किती येतो, हे त्या गर्दीत कळत नाही. ते कळतं थंडीत. म्हणूनच हा प्रवास दोन दिवसांच्या सहलीत मोडत नाही. घर आणि माणसं सांभाळण्यासाठी केलेला तो प्रवास असतो.

रेल्वे आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि तिने कोकणाचं आयुष्य बदललं हेही खरं. २६ जानेवारी १९९८ पासून रोह्यापासून थेट कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे अखंड धावू लागली. पण हा मार्ग अजूनही बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्यापुढे समोरून येणाऱ्या गाडीसाठी स्थानकात थांबून राहणं प्रवाशांच्या अंगवळणी पडलं आहे. एकेरी मार्गावर गाड्या वाढवायलाही मर्यादा येतात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नाताळच्या आठवड्यासाठी तुतारी, कोकणकन्या किंवा मांडवीचं तिकीट हवं असेल तर दिवाळीच्या दिवसांतच पहाटेपासून मोबाइल घेऊन बसावं लागतं. त्या तिकिटांवर गावी जाणाऱ्यांइतकाच गोव्याला निघालेल्या पर्यटकांचाही डोळा असतो.

तिकीट मिळालं तरी प्रश्न संपत नाही. स्थानक एकीकडे आणि घर दुसरीकडे. कणकवलीला किंवा कुडाळला पहाटे उतरायचं आणि पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर रिक्षाने जायचं, तर त्या रिक्षाचं भाडं चौघांच्या साध्या डब्याच्या तिकिटाच्या तोडीचं होतं. बरोबर म्हातारी माणसं, लहान मुलं, आईसाठी घेतलेली कमोडची खुर्ची, बहिणीच्या लग्नाच्या साड्यांची बोचकी. म्हणून भाऊ-चुलतभाऊ मिळून गाडी ठरवतात किंवा स्वतःची गाडी काढतात. रस्त्याने जाणं ही बहुतेकांची हौस नसते, नाइलाज असतो.

मग प्रश्न येतो त्या रस्त्याचा.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून सिंधुदुर्गात बांद्याच्या पुढे गोव्याच्या हद्दीपर्यंतचा हा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता तो ६६ आहे. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल आता मतदार झालं आहे. या काळात किती ठेकेदार बदलले, पूर्ण होण्याच्या किती तारखा जाहीर झाल्या आणि ओलांडल्या गेल्या, हे प्रकरण उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या रूपाने कसं पुन्हा पुन्हा गेलं, हे कोकणवासीयांना तोंडपाठ आहे. सिंधुदुर्गातला भाग तुलनेने लवकर आणि चांगला झाला. रत्नागिरी जिल्ह्यातले आरवली ते कांटे आणि कांटे ते वाकेड हे टप्पे वर्षानुवर्षं रखडले.

रस्त्याच्या या कामाचा थंडीशी थेट संबंध आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात भराव टाकता येत नाही, काँक्रीट ओतता येत नाही. म्हणजे कामाचा खरा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. जत्रा, लग्नं आणि नाताळची सुट्टी ज्या दिवसांत येते, नेमक्या त्याच दिवसांत रस्ता सगळ्यात जास्त खणलेला असतो. जागोजागी वळणरस्ते, अर्धवट पुलांच्या बाजूने काढलेल्या कच्च्या वाटा, खडी वाहणारे डंपर आणि गाड्यांच्या काचांवर बसणारी लाल धूळ.

गणपतीत हा रस्ता छळतो, थंडीत तो फसवतो. पावसात खड्डे आणि पाणी असतं, गाडी आपोआप हळू चालते. कंबर मोडते, पण वेग तीस-चाळीसच्या वर जात नाही. थंडीत कोरडं, गुळगुळीत काँक्रीट लागतं, हवा गार असते, इंजिन तापत नाही, चालकाचा पाय नकळत दाबला जातो. चौपदरी रस्त्यावर शंभरचा वेग धरून येणाऱ्या गाडीसमोर एकाएकी दोन सिमेंटचे ठोकळे आणि मातीचा ढीग येतो, आणि तिथून रस्ता डावीकडे दुपदरी होतो. दिवसा ते दिसतं. रात्री, परावर्तक पट्ट्या धुळीने माखलेल्या असताना आणि इशाऱ्याचा दिवा बंद असताना दिसत नाही. त्यात पहाटे नद्यांच्या खोऱ्यांत धुकं उतरतं. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या सगळ्या नद्या महामार्ग ओलांडतो, आणि पहाटे चार ते आठ या वेळात तिथे समोरच्या गाडीचा फक्त लाल ठिपका दिसतो.

१९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगाव तालुक्यातल्या रेपोलीजवळ काय झालं, ते विसरता येणार नाही. मुंबईहून गुहागरकडे निघालेल्या एका व्हॅनची आणि ट्रकची समोरासमोर धडक झाली. व्हॅनमधल्या नऊ जणांचा त्यात अंत झाला. सगळे एकमेकांचे नातेवाईक होते. पहाटे पाचच्या सुमाराची वेळ होती. अशा अपघाताची बातमी दोन दिवस चालते, चालकाला डुलकी लागली असावी असा अंदाज व्यक्त होतो आणि विषय मिटतो. पण तो अंदाज हे काही अपघाताचं पूर्ण कारण नव्हे. चालकाला डुलकी लागली तरी समोरून येणारी वाहनं दुभाजकापलीकडे असती, तर कदाचित घरं वाचली असती. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याचा पहिला फायदा वेळेची बचत हा नाहीच. समोरासमोरची धडक टळते, हा आहे. रखडलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत या भाषेत मोजली पाहिजे.

तरीही रात्री निघण्याच्या सवयीबद्दल घराघरांत बोलायला हवं. मुंबईतल्या माणसाला शुक्रवारची पाळी संपवून निघायचं असतं, रजा वाचवायची असते, गर्दी टाळायची असते आणि सकाळच्या चहाला अंगणात पोहोचायचं असतं. म्हणून गाडी रात्री अकराला निघते. दिवसभर काम केलेला भाऊच चालक असतो. मध्यरात्री दोन ते पहाटे सहा या वेळात माणसाच्या शरीराची झोपेची ओढ सगळ्यात जास्त असते. चहा, गाणी, उघडी काच यांनी ती थोडा वेळ लांबते, जात नाही. गाडीतले बाकीचे तर गाढ झोपलेले असतात, कारण थंडी असते आणि काचा बंद असतात. पहाटे चारला उठून पाचला निघालेली गाडी दुपारी पोहोचेल. जेवणाला उशीर होईल, रजेचा अर्धा दिवस जाईल. एवढी किंमत परवडण्यासारखी आहे.

मागच्या सीटवरच्या पट्ट्याचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं अपघाती निधन झालं. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर देशभर चर्चा झाली, मुंबईत पोलिसांनी नियमाची अंमलबजावणी जाहीर केली. आज गावी जाणाऱ्या गाड्यांत डोकावलं तर मागे पाच माणसं दाटीवाटीने बसलेली, आजीच्या मांडीवर नातवंड आणि पट्टे सीटखाली दडपलेले, असंच चित्र बहुधा दिसेल.

वाहतूक कोंडी हा या प्रवासाचा दुसरा अध्याय. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि दक्षिण मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं. पण पुढे पेण ओलांडून वडखळला अलिबागची गर्दी मिळते आणि माणगावला सगळं तुंबतं. कारण साधं आहे. ताम्हिणी घाटाने पुण्याहून आलेल्या गाड्या तिथे उतरतात, श्रीवर्धन, दिवेआगर आणि हरिहरेश्वरला जाणारे तिथेच वळतात, रायगड पाहायला निघालेल्या शाळांच्या सहली तिथूनच जातात, आणि गावाची बाजारपेठ महामार्गाच्या दोन्ही अंगांना आहे. इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते वेळेत झाले असते, तर हा गुंता केव्हाच सुटला असता. ते कित्येक वर्षं अडकून पडले. नाताळच्या शनिवारी इथे दोन-दोन तास जातात. फोन वाजतो. गावाहून विचारणा होते, "खंय पोचलास रे?" उत्तर जातं, "माणगावात अडाकलंव." पलीकडून आईचा आवाज येतो, "सावकाश येवा, घाई करू नकात." आई हे म्हणते खरी, पण चुलीवरचं कालवण तिने तीनदा गरम केलेलं असतं, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून माणगाव सुटलं की वेग वाढतो. गेलेला वेळ भरून काढण्याच्या या ओढीचं भान चालकाने ठेवायला हवं.

सुधारणा झालीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट हा एके काळी या वाटेवरचा सगळ्यात धाकाचा टप्पा. वळणावळणाच्या चढणीवर एखादा ट्रक बंद पडला की तास गेलाच. तिथे आता जेमतेम दोन किलोमीटरचे जोडबोगदे आहेत. पहिला बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी उघडला. जिथे पाऊण तास लागायचा, तिथे आता दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं. ज्या मुलांना घाटात हमखास उलटी व्हायची, त्यांच्या आयांना या बोगद्याचं मोल कुठल्याही अभियंत्यापेक्षा जास्त कळतं.

आणि थंडीतला हा प्रवास सुखाचाही असतो. उजाडल्यावर कर्नाळ्याच्या जंगलातून जाताना हवा बदलल्याचं जाणवतं. जानेवारी सरत आला की वडखळच्या आसपास अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसू लागतात. या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रायगड जिल्ह्यात शेतांच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. वाटेत नातेवाईक असतील तर एक मुक्काम यासाठी करावा, इतकी ती मोलाची आहे. देशावर याच दिवसांत हुरडा पार्ट्या होतात, त्यांची जाहिरात खूप झाली. पोपटी अजून बरीचशी घरातली आणि शेतातली राहिली आहे.

चिपळूण सोडलं की जांभ्याचा मुलूख सुरू होतो. सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, भात कापून झालेलं असतं, खळ्यांजवळ पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. थंडी चांगली पडली तर आंब्याला मोहोर धरतो. राजापूरच्या पुढे काच खाली केली की त्याचा वास गाडीत येतो. बागायतदाराच्या घरचा माणूस हा वास घेतो तेव्हा त्याच्या मनात हिशेब सुरू होतो, कारण डिसेंबरात ढग आले, अवकाळी पाऊस पडला, तर हाच मोहोर काळा पडतो आणि तुडतुड्याच्या फवारणीचा खर्च वाढतो. गावी निघालेल्या माणसासाठी हवामान हा गप्पांचा विषय नसतो. घरच्या वर्षभराच्या मिळकतीचा तो प्रश्न असतो.

घरी पोहोचल्यावरचं सुख वेगळं सांगायला नको. चुलीवर तापलेलं हंड्याचं पाणी, नव्या तांदळाची घावनं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी, रात्री कुळथाची पिठी आणि भात. मुंबईत वाढलेली नातवंडं अंगणातल्या शेकोटीभोवती बसतात आणि पणजोबांनी विहीर कशी खणली ते ऐकतात. नात्यांची नावं मुलांना अशाच वेळी कळतात. कोण काकाचा मुलगा, कोण आतेमावळण, कुणाच्या घरी गेल्यावर पाया पडायचं, हे कुणी तक्त्यावर शिकवत नाही.

पण या भेटीत अवघड गोष्टीही निघतात, आणि त्या निघायलाच हव्यात. सामाईक घराची कौलं बदलायची तर पैसे कुणी किती काढायचे? सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, वारस नोंद कधी करायची? बाग यंदा स्वतः राखायची की कराराने द्यायची? आणि सगळ्यांत कठीण प्रश्न, आईला आता एकटं ठेवायचं का? तिला मुंबईच्या दोन खोल्यांत करमत नाही आणि गावात रात्री दुखलंखुपलं तर कुणी नाही. सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाला आजही अनेकदा गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागतं. गणपतीत हे विषय काढायला कुणी धजत नाही, सणाला गालबोट लागेल म्हणून. थंडीत जेवणं आटोपल्यावर पडवीत ते निघतात. कधी आवाज चढतो, कधी एखादा भाऊ न बोलता झोपायला जातो. तरी बोलणं होतं, आणि पुढच्या वर्षाचं काहीतरी ठरतं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपच्या कुटुंबगटात हे ठरत नाही, असा बहुतेक घरांचा अनुभव आहे. या कारणासाठी तरी हा रस्ता धड असायला हवा.

परतीच्या वेळी गाडी जड झालेली असते. तांदळाची गोण, नारळ, कडवे वाल, कुळीथ, कोकमाचं आगळ, सुरण. आई प्रत्येक मुलाचं वेगळं बांधते. मागची काच सामानाने झाकली जाते, चाकं बसतात, आणि त्याच गाडीत तितकीच माणसं बसतात. रविवारी दुपारी निघालेल्या या जड गाड्या आणि गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकांच्या हलक्या, वेगवान गाड्या एकाच रस्त्यावर रात्री येतात. सोमवारी दोघांनाही कामावर हजर व्हायचं असतं.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी एसटी आहे. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. या दोन निर्णयांनी एक चांगली गोष्ट केली: म्हाताऱ्या आया आता स्वतःहून मुंबईला लेकीकडे येऊ-जाऊ लागल्या. पण गणपतीत एसटीच्या जादा गाड्यांचा जो ताफा सुटतो, तो नाताळच्या आठवड्यात दिसत नाही. मग खासगी बस गाठावी लागते आणि तिथे भाडं मागणीनुसार चढतं. एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येणार नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. तो अमलात आणायचा तर मोबाइल ॲपवरचे दर तपासायला परिवहन अधिकाऱ्यांना कार्यालयाबाहेरही जावं लागणार नाही.

ठरवलं तर होतं, याचा पुरावा याच रस्त्यावर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन बसेस माणसांसकट वाहून गेल्या. त्या जागी नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीला खुला झाला. त्याच खात्यांनी, त्याच हवामानात, त्याच नदीवर तो बांधला. उलट चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उभारणी सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग १६ ऑक्टोबर २०२३ ला कोसळला, आणि कामाच्या दर्जाबद्दल कोकणात जी शंका होती ती घट्ट झाली. एकाच रस्त्यावर या दोन्ही गोष्टी घडतात, तेव्हा प्रश्न पैशाचा किंवा भूगोलाचा उरत नाही. लक्ष कुणाचं आणि किती आहे, एवढाच तो असतो.

मागण्या फार मोठ्या नाहीत. महामार्ग पूर्ण व्हायचा तेव्हा होवो, पण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात प्रत्येक वळणरस्त्यावर चालू स्थितीतला दिवा, धुतलेल्या परावर्तक पट्ट्या आणि अर्धा किलोमीटर आधी फलक असलाच पाहिजे, आणि नसेल तर ठेकेदाराला त्याच रात्री दंड झाला पाहिजे. नाताळच्या आठवड्यात आणि मोठ्या जत्रांच्या आदल्या दिवशी अवजड वाहनांना गणपतीसारखीच बंदी हवी. चालकांना तासभर पाठ टेकता येईल अशी, उजेडाची आणि स्वच्छ शौचालयाची जागा महाड, चिपळूण आणि लांजा परिसरात तरी हवी. आज रात्री तीनला बाईमाणसाला उतरायचं म्हटलं तर पेट्रोल पंप सोडून दुसरा आसरा नाही.

घरच्यांनी करायचं तेही आहे. रात्री निघू नये, मागच्यांनीही पट्टा लावावा, राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ आणि रुग्णवाहिकेचा १०८ निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवावा. रस्त्यात अपघात दिसला तर थांबावं. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही, असं संरक्षण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने दिलं आहे. आणि २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. ही माहिती गावातल्या प्रत्येक मंडळाने जत्रेच्या फलकावर लावावी. तिथे ती हजारो लोक वाचतील.

यंदा भराडीदेवीचा कौल होऊन जत्रेची तारीख जाहीर होईल, त्याच आठवड्यात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी महामार्गाच्या अधिकाऱ्यांसोबत बैठक घ्यावी आणि थंडीतल्या प्रवासाचं नियोजन वर्तमानपत्रांत छापावं, जसं ते दर वर्षी गणपतीआधी छापतात.